ओरिजिनल जमा करा

पुतणीचा पुण्याहून फोन आला. जीएनएम झाली, नोंदणी झाली, एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात निवड झाली. "आत्या, जॉईन होताना ओरिजिनल जमा करा म्हणतायत. देऊ ना?" मी ओपीडीच्या गर्दीत उभी होते, तरी एवढ्या जोरात "नाही" म्हणाले की केसपेपरच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

ते वाक्य ऐकलं की अजून माझं डोकं तापतं.

माझी सुरुवात बहुतेकींसारखीच. जत तालुक्यातलं गाव, बारावी, डी.एड.ला नंबर लागला नाही म्हणून नर्सिंग. हॉस्टेल, सकाळची प्रार्थना, चादरीच्या कोपऱ्यांवरून खाल्लेला ओरडा, लेबर रूममधल्या केसेस वहीत भरणं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं आणि २००९ मध्ये पुण्यातल्या एका हॉस्पिटलात आयसीयूला लागले. पगार ६,५०० रुपये, त्यातून हॉस्टेलचे कापून. बॉन्ड दोन वर्षांचा, मोडला तर ५०,००० भरायचे. दहावी-बारावीची प्रमाणपत्रं, डिप्लोमा, रजिस्ट्रेशन, सगळं मूळ त्यांच्या कपाटात. पावती मागायची असते हे कुणाला ठाऊक होतं! सगळ्याच मुली देत होत्या, मीही दिलं.

दोन वर्षं भरत आली तेव्हा सरकारी भरती निघाली. लेखी परीक्षा दिली, यादीत नाव आलं आणि कागदपत्र पडताळणीची तारीख आली. सूचना स्पष्ट होती: मूळ प्रती आणणे.

एचआरमध्ये गेले. तिथल्या साहेबांनी फाईल काढली, माझ्यासमोर उघडली आणि म्हणाले, "सिस्टर, तुमचा बॉन्ड अजून सहा महिने आहे." कसा? तर बॉन्ड जॉईनिंगपासून नाही, कन्फर्मेशनपासून मोजतात. पहिले सहा महिने प्रोबेशन. त्या सहा महिन्यांत मी नाईट केल्या होत्या, सीपीआर दिले होते, डेडबॉडी पॅक केल्या होत्या, पण ते मोजायचे नव्हते.

मी म्हटलं, एका दिवसासाठी द्या, तुमचा माणूस सोबत पाठवा, त्याचं तिकीट मी काढते. नाही. मग म्हटलं, निदान हॉस्पिटलच्या लेटरहेडवर एवढंच लिहून द्या की हिचे मूळ कागद आमच्याकडे आहेत. त्यावर साहेब जे म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "असं लेखी देता येत नाही."

म्हणजे कागद त्यांच्याकडे, ते माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर, पण ते त्यांच्याकडे आहेत हे कुठे लिहायचं नाही. कारण लिहिलं तर ते चूक आहे हेही मान्य करावं लागलं असतं. रजिस्ट्रेशनशिवाय मी नर्स आहे हे कुठेच सिद्ध करता येत नव्हतं, आणि त्याच रजिस्ट्रेशनच्या जोरावर ते मला त्या रात्री व्हेंटिलेटरच्या दोन पेशंटवर ड्युटी लावणार होते. मेट्रन मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "माझ्या हातात नाही गं." डायरेक्टर डॉक्टरांना भेटले. ते हसून म्हणाले, "सरकारीत काय ठेवलंय, सिस्टर? इथे शिकायला मिळतं." हे डॉक्टर दर १२ मेला आम्हाला गुलाबाचं फूल देऊन नाइटिंगेलबाईंच्या सेवाभावावर भाषण करायचे.

पडताळणीला झेरॉक्स घेऊन गेले. टेबलावरच्या कारकुनाने सगळं ऐकलं, "दरवर्षी तुमच्यासारख्या येतात" म्हणाला, हमीपत्र लिहून घेतलं आणि आठ दिवसांची मुदत दिली. सरकारी कारकुनांना लोक काहीही म्हणोत, माझं करिअर त्या माणसाने वाचवलं.

दादाने सोसायटीतून कर्ज काढलं. ५०,००० भरले, पूर्ण. भरलेल्या महिन्यांची सूट नाही. पावतीवर बॉन्ड हा शब्दच नाही, "ट्रेनिंग चार्जेस" असं लिहिलेलं. अनुभवाचा दाखला दिला नाही तो नाहीच. आणि कागद हातात आले तेव्हा रजिस्ट्रेशनला फाईलमध्ये लावण्यासाठी पंचिंग मशीनची दोन भोकं पाडलेली होती, एक बरोबर माझ्या नावाच्या शेवटच्या अक्षरावर.

त्याच वर्षी, २०११ च्या ऑक्टोबरात, मुंबईत एका केरळी नर्सने आत्महत्या केली आणि तिच्या सोबतच्या नर्सेस संपावर गेल्या. मागणी हीच: बॉन्ड बंद करा, सर्टिफिकेटं परत द्या. बातमी वाचून मी दिवसभर जेवले नाही. पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. समितीने सांगितलं, २०० खाटांच्या वरच्या खासगी हॉस्पिटलात सरकारी नर्सइतका पगार द्या, ५० खाटांच्या आतल्या हॉस्पिटलातही २०,००० च्या खाली नको. सरकारी स्टाफ नर्सचं सुरुवातीचं मूळ वेतन ३५,४०० आहे. पुतणीला देऊ केलेत १७,०००. हॉस्पिटल २०० खाटांच्या वरचं. हिशोब तुम्हीच करा.

म्हणून नव्या मुलींना सांगते. मूळ कागद दाखवा, देऊ नका. द्यावेच लागले तर कागदांची यादी करून सही-शिक्क्याची पोच घ्या. बॉन्ड कोणत्या तारखेपासून मोजणार ते ऑफर लेटरवर लिहून घ्या. पुतणीला हे सगळं सांगितलं. तिने तरी दिलेच. "सोबतच्या सगळ्या देत होत्या, आत्या." रागावू कशी?

आता गंमत बघा. कोविडमध्ये आमच्या रुग्णालयात व्हेंटिलेटर आले तेव्हा ते बघून घाबरली नाही अशी मी एकटीच होते. सेटिंग, सक्शन, एबीजीचा रिपोर्ट, रात्री तीनला डॉक्टरला नेमकं काय सांगून उठवायचं, हे सगळं मी त्याच आयसीयूत शिकले. शिकायला मिळतं असं तो डॉक्टर म्हणाला होता, ते खोटं नव्हतं. उपकार मानते. ५०,००० मात्र अजून सलतात.

आज वॉर्डचा चार्ज माझ्याकडे आहे. कंत्राटी मुली येतात, मी सहा महिने राबून तयार करते आणि त्या निघतात. कुणी आखातात, कुणी जर्मनीला. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सही आहेत. परवा एकीने जर्मनच्या परीक्षेसाठी रजा मागितली. मी लगेच सही केली, बाई जा, सुखाने जा म्हटलं. मग ड्युटी लिस्ट करायला बसले. तिच्या नाईटना माणूसच मिळेना, आणि मनात आलं, या मुलींना निदान वर्षभर तरी बांधून ठेवायची काही सोय हवी. कसली सोय, ते मलाही सांगता येणार नाही. पगार वाढवा, हे एक उत्तर मला माहीत आहे. पण ड्युटी लिस्ट करणाऱ्याला कुणी पगार वाढवायचा अधिकार देत नाही.