ॲमर्स्टची बस

साउथ हॅडलीच्या बसथांब्यावर भाचीबरोबर उभा होतो. मॅसॅच्युसेट्समधले हे टुमदार गाव. तिचे माउंट होलिओक कॉलेज मुलींचे, १८३७ पासूनचे. अर्ज करणाऱ्या शंभरांतल्या तिसांहून अधिक जणींना तिथे प्रवेश मिळतो. दहाएक मैलांवरच्या ॲमर्स्ट कॉलेजात अलीकडे शंभरांतून दहांनाही नाही. त्या आकड्याला भिऊन पोरीने तिकडे अर्जच धाडला नव्हता. माझी बहीण अजून हळहळते.

बस आली, ती ॲमर्स्टचीच! आसपासच्या कॉलेजांनी १९६५ साली संघ केला. इकडची मुले तिकडे तासाला बसतात.

“मामा, वर्गात कुणी विचारत नाही हो, तू कुठली म्हणून!”

ती तासाला गेली. मी (मास्तरच ना!) एमिली डिकिन्सनचे घर गाठले. ॲमर्स्ट कॉलेज उभारताना हिच्या आजोबांनी पदरमोड केली. नात मात्र १८४७ साली शिकायला गेली माउंट होलिओकला. ॲमर्स्टने पदवीसाठी मुलींना दार उघडले, ते १९७५ च्या सुमारास. कवयित्रीच्या वेळचा आकडा कुणी मांडला असता, तर तो शून्य!

बहिणीला हे पत्राने कळवावे म्हणून घराबाहेर टिपण करीत बसलो. तोच भाची धापा टाकीत आली. परतीची बस सुटायला चारच मिनिटे उरली होती.