तानसा : सुट्टीचे अंदाजपत्रक आणि पाण्याचा हिशेब

सुट्टीचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोनच नावे ऐकू येतात, काश्मीर नाही तर नैनिताल. डोंगर हवा, तलाव हवा, अभयारण्य हवे आणि वेळेवर सात्त्विक भोजनही हवे. यंदा आमच्या कुटुंबातील आजी-आजोबा, मुले-सुना आणि नातवंडे अशा नऊ जणांसाठी मी तानसा सुचविले. थोरल्या नातवाने लगेच विचारले, "ते तर पाणी येण्याचे ठिकाण ना?" त्याचे म्हणणे खरेच होते.

प्रथम एक खुलासा. तानसा हे राष्ट्रीय उद्यान नव्हे, अभयारण्य आहे. राष्ट्रीय उद्यानात स्थानिकांचे हक्क सहसा उरत नाहीत; अभयारण्यात काही प्रमाणात राहू शकतात. म्हणूनच येथे सागाच्या रानात वारली, ठाकूर, कातकरी यांचे पाडे आजही आहेत, आणि मला तरी त्यामुळेच हे रान अधिक खरे वाटते.

जाणे सोपे आहे. कसाऱ्याच्या लोकलने आसनगाव किंवा आटगाव गाठावे. आटगावहून तलाव बारा-तेरा किलोमीटरवर आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर मुंबई-नाशिक महामार्गाने स्वतःची गाडी बरी. भिंतीवर मनास येईल तेव्हा फिरता येत नाही, कारण हे महानगराचे पिण्याचे पाणी आहे. परवानगीची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. पोहणे, कपडे धुणे, डबा खाऊन कागद तेथेच टाकणे, यांतले काहीही चालणार नाही, हे मुलांना घरीच बजावून ठेवावे.

१८९२ साली पूर्ण झालेले हे दगडी धरण सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब आहे. त्याला ३८ दरवाजे आहेत. मुंबईला विहार १८६० पासून व तुळशी १८७९ पासून पाणी देत होते, पण वाढत्या शहराला ते अपुरे पडू लागले. तानसाचे पाणी उताराच्या जोरावर नळांतून शहराकडे निघाले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज पेढीसाठी मुंबईत आले, ते ज्या परिसरात राहिले तेथे गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबी तलाव ही नावे आजही आहेत. तलाव मात्र बुजले. नळ आल्यावर विहिरी-तलावांवरचे अवलंबित्व सरले, आणि धनिकांनी पुण्यकार्य म्हणून बांधलेल्या पाणवठ्यांची फक्त नावे उरली. आपल्या दुकानांच्या व माड्यांच्या वाढीमागे या दूरच्या खोऱ्याचे भांडवल आहे, आणि त्यावर व्याज कोणी आकारले नाही!

रानात रानपिंगळा नावाचे छोटे घुबड आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पत्ता लागेना, तो नामशेष झाला असेच समजले जात होते. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये तानसातही सापडला. तो दिवसाही हिंडतो, त्यामुळे पहाटेच्या शांत फेरीत तो भेटण्याची आशा धरावी. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. असे करणारे हौशी लोक त्याला नाहक दमवितात.

एक दिवस माहुलीसाठी ठेवावा. माहुली, भंडारगड आणि पळसगड असा हा जोडकिल्ला आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांना येथेच शरण जावे लागले. चढण अवघड आहे. आजोबांनी पायथ्याशीच थांबावे, असे मी स्वतःलाही सांगितले आहे. तेवढ्या वेळात आसनगावजवळच्या मानस मंदिरात दर्शन होते. भोजनाची सोय आधी फोनवर विचारून ठेवावी, आणि सायंकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी हवे असल्यास परतीची वेळ त्यावरून ठरवावी, कारण थंडीत अंधार लवकर पडतो.

आता अंदाजपत्रकातील ती एक नोंद, जी मला पुनःपुन्हा खटकते. मुंबईच्या सात जलाशयांपैकी तानसा आणि भातसा शहापूरच्या मुलखातले, मोडकसागर आणि वैतरणाचे जलाशयही फार दूर नाहीत. पण याच तालुक्यातील अनेक पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात आणि जवळूनच शहराचे पाणी नळातून जाते. इगतपुरीकडच्या भावली धरणातून शहापूरला पाणी आणण्याची योजना हाती घेण्यात आली आहे. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर ठेव एकाची आणि कर्ज दुसऱ्याला, हा व्यवहार नवा नाही. पण इथे ठेवीदार स्वतःच तहानलेला आहे.

म्हणून मी सहलीसाठी नोव्हेंबर ते जानेवारीच सुचविला. उन्हाळ्यात गेल्यास पाहुण्यांसाठी लागणारे पाणी कोणाच्या तरी हंड्यातून येते. पिण्याचे उकळलेले पाणी बरोबर न्यावे. वाटाड्या जवळच्या पाड्यातला घ्यावा, ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्यावी, आणि तांदळाच्या भाकरीचे जेवण सांगायचे असेल तर कांदा-बटाटा नको हे आदल्या दिवशीच कळवावे. थोरल्या नातवाने आता स्वतःची यादी केली आहे : दुर्बीण, वही, आणि तानसाचे किती पाणी आपल्या घरी येते हे मोजण्यासाठी घरातील आठवड्याचे पाण्याचे आकडे.