हात धुण्याच्या नळापाशी

८ एप्रिल, सोमवार. निशी-कासाई, तोक्यो
इथलं शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्यामुळे मीही नवी आणि बरीच मुलंही नवी. मी होइकुएनमध्ये शिकवते. होइकुएन म्हणजे नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठीचं पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. माझ्याकडे दोन वर्षांच्या गटाचं इंग्रजी आहे. दारात बूट काढले की रडारड सुरू. सुरुवातीचे दिवस मुलांना थोडा वेळच ठेवतात आणि हळूहळू वेळ वाढवतात. याला ‘नाराशी होइकु’ म्हणतात. या वयाच्या सहा मुलांमागे एक शिक्षिका असावी असा इथला नियम आहे. आपल्याकडच्या खच्चून भरलेल्या शिशुवर्गांची आठवण येऊन पोटात तुटलं.

१७ एप्रिल, बुधवार
चित्रांची कार्डं कपाटात ठेवून दिली. दोन वर्षांच्या मुलाला सफरचंदाचं चित्र नको असतं, सफरचंद हवं असतं.
त्याऐवजी दिवसभर मुलं काय करतात ते बघत बसले. सगळ्यात रंगतात ती हात धुताना. नळ त्यांच्या उंचीचे आहेत आणि क्रम रोज तोच: बाह्या वर, पाणी, साबण, चोळायचं, धुवायचं, पुसायचं. पुढचं काय ते प्रत्येकाला पाठ. म्हणून तिथेच उभी राहिले आणि प्रत्येक कृतीबरोबर इंग्रजी शब्द म्हणत गेले, स्वतःचेही हात भिजवत. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची पद्धत हीच: शिक्षकाने सांगायचं, शिकणाऱ्याने अंगाने उत्तर द्यायचं, बोलण्याची सक्ती नाही. पुस्तकात वाचलं होतं. ओल्या फरशीवर उभं राहिल्यावर ते खरं कळलं.

९ मे, गुरुवार
मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा थोडी रडारड. इथे घर आणि शाळा यांच्यात रोज एक वही ये-जा करते. मुलाचा ताप, झोप, सकाळी काय खाल्लं, सगळं आई किंवा बाबा लिहितात आणि शिक्षिका खाली दिवसाची हकिकत लिहितात. पिवळ्या टोपीतली एक मुलगी माझ्यासमोर अजून एक अक्षरही बोललेली नाही. आज तिच्या आईने लिहिलं होतं, की अंघोळीच्या वेळी ती बाहुलीच्या हातांना साबण लावत ‘रब, रब, रब’ म्हणत होती. सहकारी शिक्षिकेने ओळ वाचून दाखवली आणि मला रडूच आलं. ही मुलगी गप्प होती ती ऐकत होती म्हणून. तिच्याकडून वर्गात तो शब्द वदवून घ्यायचा नाही, हे ठरवलं.

२१ मे, मंगळवार
आपत्तीचा सराव. तो दर महिन्याला होतो. आज भूकंपाचा होता. घंटा वाजताच मुलं खोलीच्या मध्यावर आली आणि डोक्यावर हात धरून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही, हे नियम त्यांना जपानीत शिकवतात. मी त्या वेळात एकही इंग्रजी शब्द उच्चारला नाही आणि यापुढेही उच्चारणार नाही. जीव वाचवायची वेळ आली तर मुलाच्या कानावर त्याला सर्वांत आधी कळणारी भाषाच पडली पाहिजे.

७ जून, शुक्रवार
पालकांची सभा. २०२० पासून इथल्या प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि तिसरीपासून त्याची ओळख करून देतात. पालकांना घोर त्याचाच आहे. एका बाबांनी विचारलं, घरी इंग्रजी व्हिडिओ लावून ठेवू का?
पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांचा २००३ सालचा प्रयोग सांगितला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, तेव्हा बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली. तोच मजकूर पडद्यावर दाखवला तेव्हा काहीच शिकली नाहीत. आपली मुलं त्याहून मोठी आहेत, तरी मला त्यातून दिशा मिळते. व्हिडिओऐवजी भांडी विसळताना मुलाला शेजारी उभं करा आणि जपानीतच भरपूर बोला, असं म्हटलं. काही चेहरे नाराज दिसले. फी भरून इंग्रजीच्या शिक्षिकेकडून हे ऐकणं सोपं नाही, पण मला याची पुरती खात्री आहे.

२७ जून, गुरुवार
संध्याकाळी फाटकापाशी एका आईने मराठीत हाक मारली, “ताई, दोन मिनिटं आहेत का?” २००० च्या आसपास संगणकाच्या कामासाठी आलेली भारतीय कुटुंबं या भागात स्थिरावली आणि वस्ती वाढत गेली, त्यामुळे मराठी कानावर पडणं इथे नवलाचं नाही. तिचा मुलगा माझ्याच गटात आहे.
“घरी मराठी बंद करून इंग्रजी सुरू करू का? तीन भाषांत गोंधळेल ना तो?”
“अजिबात बंद करू नका. जपानी त्याला इथे दिवसभर मिळतं, इंग्रजी माझ्याकडे आणि पुढे शाळेत मिळेल. मराठी त्याला तुमच्याशिवाय कोण देणार?”
वाक्यात भाषांची सरमिसळ होते, त्याची तिला भीती वाटत होती. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं असं बोलतातच, तो बिघाड नव्हे, हे समजावलं. मग ती आजीशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलबद्दल बोलू लागली. ते रोज करा, म्हटलं. तिथे आजी पडद्यावर असली तरी उत्तर देते, थांबते, हसते.
जुलैत अंगणात पाण्याचा हौद मांडतात. आत, बाहेर, ओलं, कोरडं, टॉवेल, अजून, पुरे: या सगळ्या शब्दांना तिथे जागा आहे. माझा तास त्या वेळेला लावून मिळेल का, हे उद्या मुख्य शिक्षिकांना विचारायचं आहे.