'सापत्न वागणूक' हा शब्द मी सोडतोय

मंडळी, आज एक कबुली द्यायची आहे.

भातसा, तानसा आपल्या शहापूर तालुक्यात, पाणी जातं मुंबईला, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर. या विषयावर माझी हेडलाइन ठरलेली: 'शहापूरला सापत्न वागणूक'. यंदाही तीच दिली.

दोन दिवसांनी किन्हवलीत चहाच्या टपरीवर ओळखीच्या एका ताईंनी गाठलं. म्हणाल्या, "दादा, पाणी देत नाही सरकार. मधे आम्हाला कशाला ओढता?"

मला आधी कळेना. मग आठवलं. पोरगा तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली, त्यानंतर या त्या घरात आल्या. आता तो बारावीला आहे. मागे कुठलासा फॉर्म भरताना भरणाऱ्याने ताईंच्या नावापुढे 'स्टेप मदर' लिहिलं. त्यांनी पोराला विचारलं, "स्टेप म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "पायरी."

"म्हणजे मी आईच्या एक पायरी खाली, होय ना दादा?" ताई हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

घरी येऊन शब्दकोश काढला. हा 'स्टेप' पायरीचा नाहीच! जुन्या इंग्रजीत 'स्टेओप' म्हणजे पोरकं. पोरक्या लेकराची जी आई झाली, ती स्टेपमदर. आपला 'सापत्न' मात्र 'सपत्नी'वरून, म्हणजे सवतीवरून आलाय. पुढे इंग्रजांनीही त्यांच्या शब्दाला दुजाभावाचा अर्थ चिकटवला, आणि आपण पत्रकार-पुढारी दोन्ही भाषांत तेच घोकत बसलो.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. आंध्रातल्या एका विधवा आईने दुसरं लग्न केलं. मुलाच्या कागदपत्रांत तिच्या नवऱ्याचा उल्लेख 'सावत्र वडील' असा करावा, असं तिथल्या हायकोर्टाने सांगितलं होतं. २८ जुलै २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ते खोडून काढलं. अशा उल्लेखाचा मुलाच्या मनावर आणि स्वाभिमानावर काय परिणाम होईल याचा विचारच झालेला नाही, हे जवळपास क्रूर आहे, असं कोर्ट म्हणालं.

आणि आपल्याकडे बघा. राम-लक्ष्मण नात्याने सावत्र भाऊच. पण तसं म्हणतं का कोणी?

म्हणून यापुढे पाण्याच्या बातमीत मी सरळ 'अन्याय' लिहीन. सरकारने केलाय तर सरकारच्याच नावावर जाऊ दे. दुसऱ्याचं लेकरू पोटच्यासारखं वाढवणाऱ्या बाईच्या नावावर नको.

फॉर्म भरून देणाऱ्या माझ्या मित्रांनो, तुम्हालाही विनंती आहे. जिथे विचारलेलं नाही, तिथे स्वतःच्या मनाने 'स्टेप' जोडू नका. रकाना 'आई'चा असेल आणि पोरगं जिला आई म्हणतंय ती समोर उभी असेल, तर तिला तिथे पायरी दाखवू नका.

ताई, चुकलं माझं.