बिनमिठाचं पातेलं

निवटीने हिला, माझ्या बायकोला, पाहिलेलं नाही. या घरात कोणी कमी आहे असं जिला वाटत नाही, अशी ती एकटीच. बाकीचे उंबऱ्यावर पाय ठेवतानाच आवाज खाली आणतात. आधी आरामखुर्चीकडे बघतात, मग भिंतीवरच्या फोटोकडे, मग माझ्याकडे, आणि शेवटी नजर कुठे ठेवायची ते न कळून पाण्याच्या पेल्याकडे. निवटी आत शिरते ती सरळ मोरीशेजारच्या ताटलीपाशी जाते. ताटली रिकामी असेल तर माझ्याकडे बघते. त्या बघण्यात सांत्वन नावालाही नसतं. वेळ झाली, एवढंच असतं.

निवटी म्हणजे कुत्री. काळी, आखूड पायांची, अंगाने लांबुडकी. आजी-पणजीत कुठेतरी बंगलेवाल्यांचा डाशहुंड असावा. डोळ्यांच्या वर दोन तांबूस ठिपके. मार्वेहून येणाऱ्या बोटीतून एका रविवारी सहलीच्या गर्दीबरोबर ती मनोरीला उतरली. संध्याकाळी गर्दी परत गेली, ही धक्क्यावरच राहिली. विसरली की सोडली, हे विचारायला कोणी परत आलं नाही. खाडीच्या चिखलात ओहोटीच्या वेळी उड्या मारणारी, डोळे डोक्यावर घेऊन हिंडणारी निवटी बोटीवाल्या पोरांच्या रोजच्या बघण्यातली. त्यांनी या कुत्रीला तेच नाव ठेवलं. ज्या मासळीचं आमच्याकडे झणझणीत कालवण होतं तिचं नाव कुत्रीला द्यावं, हा विनोद खास कोळीवाड्यातला. बायकोला तो नक्की आवडला असता. पण असं लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे. ‘हिला आवडलं असतं’ हे वाक्य गेलेल्या माणसावर लादायला फार सोपं असतं.

बायको सुकी मासळी विकायची. ऑक्टोबरपासून वलांड्यांवर, म्हणजे मासळी वाळवायच्या दोऱ्यांवर, बोंबील चढायचे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. एक या अंगाला, एक त्या अंगाला. तिचे हात हे इतक्या वेगाने करत की नजर मागे राहायची. मी मालाडच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. बोट एकच, पण मी दप्तर घेऊन एका टोकाला, ती पाटी घेऊन दुसऱ्या टोकाला. मास्तरांच्या कपड्यांना वास लागू नये, म्हणायची. वास लागायचाच.

मग तिची किडनी गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार मालाडला डायलिसिस. मनोरीहून मालाड म्हणजे मधे नुसती खाडी, पण वादळी हवेत बोट बंद झाली की तीच खाडी उत्तनवरून भाईंदरचा सगळा वळसा घालायला लावते. भरती-ओहोटीचं कोष्टक आणि डायलिसिसची वेळ यांचा मेळ बसवणं हे माझं निवृत्तीनंतरचं गणित झालं. तिच्या डाव्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला केलेला. त्या हाताने वजन उचलायचं नाही, म्हणून पाटीही माझ्याकडे आली. त्या जोडावर बोटं ठेवली की आत रक्ताची थरथर लागते. ती रोज तपासायची, थांबली तर ताबडतोब निघायचं, असं सांगितलेलं. तेव्हा दिवस उजाडला की माझा हात आधी तिच्या हातावर जायचा. लग्नाच्या एवढ्या वर्षांत मी तिचा हात इतक्या नेमाने कधी धरला नव्हता.

आणि स्वयंपाक. मीठ बेताचं, पाणी मोजून, बटाटा चिरून भरपूर पाण्यात भिजवून आणि ते पाणी ओतून मगच शिजवायचा, म्हणजे त्यातलं पोटॅशियम थोडं उतरतं. सुकी मासळी बंद. जिने आयुष्यभर मालाडकरांना सोडे आणि बोंबील खाऊ घातले, तिला तेच बंद. तिच्यासाठी मी एक वेगळं पातेलं ठेवलं होतं, बिनमिठाचं. घरातल्या इतर भांड्यांत ते मिसळू द्यायचो नाही.

ती गेल्यावर लोक म्हणाले, सुटली. मग जरा आवाज उतरवून, तुम्हीही सुटलात. खरं तर सुटले ते माझे हात. वारांना काही अर्थ राहिला नाही. कोष्टक भिंतीवर होतं, पण भरती किती वाजता याच्याशी माझं देणंघेणं नव्हतं. शोकाबद्दल बोलणारे मनाबद्दल बोलतात. मला पहिले काही महिने मनाचं काही सांगता आलं नसतं. हातांचं सांगता आलं असतं.

माझ्यातला मास्तर अशा वेळीही वाचतोच. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १९६९ साली पार्क्स, बेंजामिन आणि फिट्झजेरल्ड या तिघांचा एक अभ्यास छापला गेला. पंचावन्न आणि त्याहून जास्त वयाच्या ४४८६ विधुरांची त्यांनी नोंद ठेवली होती. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यातले २१३ मरण पावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांमध्ये जेवढे मृत्यू व्हायला हवेत त्यापेक्षा हे ४० टक्क्यांनी जास्त. मोठा वाटा हृदयविकाराचा. मुलाला हे कुठून कळलं कोण जाणे, पण बोरिवलीहून त्याचे फोन वाढले. बाबा, इकडे या. इकडे म्हणजे सोळावा मजला.

निवटी आली ती जूनमध्ये. मासेमारी बंद, होड्या वर काढलेल्या, वलांड्या मोकळ्या, आणि धक्क्यावरच्या कुत्र्यांना खायला काही नाही. मोठी कुत्री हिला जवळ फिरकू देत नव्हती. ती भिजून माझ्या पडवीत, पाटीखाली येऊन बसली. पाटी पालथी पडली होती, कुणी हलवली नव्हती. मी आत जाऊन भात टाकला. कुत्र्याला काय चालतं हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून शेजारच्या मावशीला विचारलं. तिच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्री. ती म्हणाली, “मास्तर, कांदा-लसूण नको, तिखट नको, मीठ नको. काटे काढून घाला.” बिनमिठाचं म्हटल्यावर हात आपोआप फळीवरच्या त्या पातेल्याकडे गेला.

पुढे मालाडच्या जनावरांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात हे त्यांच्याकडून कळलं. अँटीरेबीजची सुई, जंताचं औषध, गोचिडांचं औषध, नसबंदी. मी वही केली. तारखा लिहिल्या. वार परत आले.

मावशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती. आमच्या मनोरीत वळणावळणाला क्रूस आहेत आणि कोळ्यांची देवळंही. तिच्या देव्हाऱ्यात सेंट रॉकचं चित्र आहे. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना स्वतः आजारी पडलेला आणि रानात जाऊन पडलेला संत, आणि त्याला तोंडात पाव धरून आणून देणारं कुत्रं. सोळा ऑगस्ट त्याचा सण. चित्रात त्याची मांडी उघडी, मांडीवर जखम आणि पायाशी ते कुत्रं. आमच्या आत्याचं मत नेमकं उलट. तिने निवटीचे ते दोन ठिपके बघितले आणि म्हणाली, हे यमाचं कुत्रं, घरात घेऊ नकोस. तिचंही अगदी निराधार नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाची दोन कुत्री आहेत, सरमेची पोरं, चार डोळ्यांची, मेलेल्यांची वाट राखणारी. ते चार डोळे म्हणजे भिवयांवरचे असेच ठिपके असावेत, असं मला वाटतं. पण निवटी कुठली वाट राखते? तिचं लक्ष पातेल्यावर.

कुत्र्यांच्या आपल्या आवडत्या गोष्टी बहुतेक मेलेल्या धन्याच्या असतात. रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या आहे. चितेत उडी घेतलेल्या कुत्र्याची ती आख्यायिका. शिल्प १९३६ सालचं, समकालीन कागदांत आधार नाही म्हणून २०१२ साली काढलेलं आणि पुन्हा बसवलेलं, अजूनही वादात असलेलं. जपानात टोकियोच्या शिबुया स्टेशनवर हाचिको. प्रोफेसर उएनो १९२५ साली वारले, कुत्रं १९३५ साली मरेपर्यंत त्यांची वाट बघत राहिलं. या गोष्टी माणसांना का आवडतात ते मला कळतं. आपल्यामागे कोणीतरी असं झुरावं, ही आपली हौस. जिवंत राहिलेल्याला तिचा उपयोग शून्य. झुरायला मी होतोच की घरात. आणखी एक कशाला?

मला आता आठवते ती महाप्रस्थानाची गोष्ट. पाच भाऊ, द्रौपदी आणि सातवं एक कुत्रं. पहिली पडते द्रौपदी. मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळून बघत नाही. वर्गात मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा एखादी मुलगी हमखास चिडायची, आणि तिचं चिडणं रास्त होतं. बायको पडली तर थांबला नाही, आणि कुत्र्यासाठी मात्र स्वर्गाच्या रथात बसायला नकार? इंद्रही त्याला नेमकं हेच विचारतो. युधिष्ठिराचं उत्तर कोरडं आहे. मेलेल्यांना मी उठवू शकत नव्हतो, जिवंत होते तोवर त्यांना सोडलं नाही. हे जिवंत आहे. ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म होता, हे नंतर उघड होतं. तो भाग मला आता नको वाटतो. कुत्रं हे कुत्रंच राहिलं असतं तरी उत्तर तेवढंच खरं होतं.

जपानच्याच नागासावा आणि किकुसुई यांनी २०१५ साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. लांडग्यांमध्ये तसं आढळलं नाही. मोजलं कसं, तर लघवीतून. प्रेम लघवीत सापडतं म्हटल्यावर माझा सातवीचा वर्ग आठवडाभर हसला असता. मला स्वतःला मात्र डोळ्यांपेक्षा हाताचं जास्त पटतं. निवटी पहाटे खाटेखालून निघते, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या माझ्या हाताखाली येते आणि बरगड्या टेकवते. बोटांना आतली धडधड लागते. कुत्र्याचं काळीज माणसापेक्षा जोरात चालतं, लहान कुत्र्याचं तर आणखीच. सुरुवातीला त्या वेगाने मी घाबरून उठायचो. या हाताला एका ठरावीक थरथरीची सवय होती, आणि ही ती नव्हती. आता मी ती मोजतही नाही.

पितृपक्षात पाच घास काढले. गाईचा, कुत्र्याचा, कावळ्याचा, देवांचा, मुंग्यांचा. कावळा येईना. सगळे कौलांकडे बघत उभे, आत्या पुटपुटायला लागली, मुलगा घड्याळ बघतोय. तेवढ्यात निवटीने आपला घास संपवला आणि कावळ्याच्या पानावरचा उडदाचा वडा उचलला. पहिल्यांदा ओरडा झाला. मग कोणीतरी म्हणालं, पोचलं हो, तिचाच जीव असणार. सगळ्यांचे डोळे भरून आले. मी काही बोललो नाही. निवटीला वडे आवडतात. घरात एकाने तरी नुसता वडा खावा, त्यात कोणाला बघू नये, याचं मला फार बरं वाटलं.

सध्या आमच्यावर चोरीचा ठपका आला आहे. हंगाम सुरू झाला, वलांड्या भरल्या, आणि निवटीने मावशीच्या दोरीवरची बोंबलांची एक जोडी खेचली. आखूड पायांची कुत्री तिथवर पोचली कशी, हे पाहायला अर्धी आळी गोळा झाली. खालची दोरी सैल होती. मी पैसे पुढे केले. मावशीने हात झिडकारला. “पैसे नकोत, मास्तर. राखणीला बसा.” आता सकाळी मी काठी घेऊन वलांडीखाली असतो, बाकीच्या कुत्र्यांना, मांजरांना आणि कावळ्यांना हाकलत. निवटी माझ्यापेक्षा मोठ्याने भुंकते. चोरीच्या सगळ्या वाटा तिला ठाऊक आहेत. काल जोड्या लावायला एक बाई कमी पडली तेव्हा मावशीने माझ्यापुढेही टोपली सरकवली. माझ्या जोड्या सुटून पडतात. खाली कोणीतरी तयारच असतं. “मास्तर,” मावशी म्हणाली, “जबडा पुरता उघडा आणि मग अडकवा. आणि हिला बांधा आधी.”