सायकलचीही पावती घ्या

बियाणे घेताना पक्की पावती घ्या, पिशवी आणि लेबल जपून ठेवा, असे मी तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो. पण परवा नाशकात धाकट्या मुलीची सायकल दुरुस्तीला टाकली आणि मीच फसलो. भाव आधी विचारला नाही. नवी साखळी घातली म्हणून दुकानदाराने साडेसहाशे रुपये घेतले. आडगाव नाक्याआधीच साखळी निसटली. पाहतो तर जुनीच, गंजावर तेल पाजलेली! पावती नव्हती, भांडणार कशाच्या जोरावर? मुलीची दोन दिवस शाळा बुडाली.

तेव्हा आधी मजुरी ठरवा. काढलेला जुना भाग मागून घ्या. पावतीवर नव्या भागाचे नाव लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जायची वेळ आली, तर तोच पुरावा. साखळीही स्वतः मोजा. नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. एक सूत जास्त भरली, तर ती झिजली समजा.

पेठ-सुरगाण्याकडे कितीतरी मुली सायकलवरच शाळा गाठतात. तिथे सायकल बंद पडली, की शाळा बंद पडते. पावती मागायला लाजू नका.