निवांत नदीकाठची जागरणं

पॅरिसच्या आग्नेयेला साधारण पावणेदोनशे किलोमीटरवर शाब्ली नावाचं गाव आहे. वस्ती अडीच हजारांच्या आत. ज्याचं नाव जगभरच्या दुकानांतल्या बाटल्यांवर असतं, ते गाव एवढंसं असेल असं वाटलं नव्हतं. ऑफिसच्या कामासाठी पॅरिसमध्ये होतो, तेव्हा एका शनिवारी जाऊन आलो.

गावातून सरँ नदी वाहते. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ निवांत. तिच्या उजव्या काठावरच्या उतारावर सगळ्यात महागडी द्राक्षं: ‘ग्रां क्रू’ दर्जाचे सात तुकडे, सगळे मिळून जेमतेम अडीचशे एकर. त्यातल्या एकाचं नाव ग्रनुई, म्हणजे बेडूक. नदी एवढी जवळ! मातीत बारीक शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, कारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता.

हे सगळं सुंदरच आहे. पण याच खोऱ्यात एप्रिलच्या रात्री माणसं झोपत नाहीत.

थंड हवा जड असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री ती उतारावरून खाली येते आणि खोऱ्यात साचते. तापमान शून्याखाली गेलं की नुकते फुटलेले कोंब काळे पडतात आणि वर्षाचं पीक एका पहाटेत जातं. म्हणून वेलींच्या ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवतात, एकरी शंभर-दीडशे. काही जण उलटंच करतात, वेलींवर पाणी फवारतात. पाणी गोठताना उष्णता सोडते, त्यामुळे बर्फाच्या आतला कोंब शून्याच्या आसपास राहतो. फक्त बर्फ वितळेपर्यंत फवारा थांबवायचा नाही. त्या पाण्यासाठी शेजारच्या बेन गावात मोठं तळंच बांधलंय.

1950च्या दशकात इथे जेमतेम 500 हेक्टर द्राक्ष उरलं होतं. या उपायांनी धीर आला आणि आज ते 5,000 हेक्टरच्या वर आहे. आता नवीन अडचण अशी, की मार्चमध्येच ऊब वाढते, कोंब लवकर फुटतात आणि मग थंडी परत येते. एप्रिल 2021मध्ये हेच झालं. त्या रात्रींचे फोटो तुम्हीही पाहिले असतील, अंधारात हजारो ज्योती. लोकांनी वॉलपेपर केले.

माझ्या मामांची निफाडजवळ दोन एकर द्राक्षबाग आहे. तिथेही डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की मणी तडकतात. मामा पहाटे ड्रिप सोडतात, बागेत शेकोट्या पेटवतात. त्यांना मी हे फोटो दाखवले, तर म्हणाले, “वारा पडला असेल.” मग विचारलं, “एवढा खर्च परवडतो?”

“मामा, शाब्ली नाव लावायचं तर द्राक्ष इथलंच लागतं, तेही शार्दोनेच. दुसरीकडे लावलं तर ते नाव मिळत नाही. त्या नावालाच भाव आहे.”

मामा थोडा वेळ गप्प राहिले.

“आमच्या पेटीवर व्यापाऱ्याचं नाव असतं,” ते म्हणाले.

यंदा त्यांनी एक एकर बाग काढून टोमॅटो लावलाय.